न उलगडलेला खून आणि कादंबरीतील उत्तर : ‘द ब्लॅक डाहलिया’

१५ जानेवारी १९४७ रोजी लॉस एंजेलिसमधील लायमर्ट पार्क परिसरात एलिझाबेथ शॉर्ट या २२ वर्षांच्या तरुणीचे दोन तुकडे केलेले शव सापडले. वृत्तपत्रांनी तिला ‘ब्लॅक डाहलिया’ या नावाने घरोघरी पोहोचवले. खुनी मात्र कधीच निश्चित झाला नाही. याच घटनेवर जेम्स एलरॉयने १९८७ मध्ये ‘द ब्लॅक डाहलिया’ ही कादंबरी लिहिली. इतिहासाने रिकामी ठेवलेली जागा कल्पिताने भरावी काय, हा प्रश्न ती वाचताना टाळता येत नाही.

हा प्रश्न गुप्तहेरकथेइतकाच जुना आहे. न्यूयॉर्कमधील मेरी रॉजर्सच्या १८४१ मधील मृत्यूवरून एडगर ॲलन पोने ‘द मिस्टरी ऑफ मारी रोजे’ ही कथा रचली आणि ती पॅरिसमध्ये घडवली. पोचा द्यूपँ वृत्तपत्रांतील मजकूर पारखतो. त्याची भिस्त तर्कावर आहे. एलरॉयचा निवेदक, पोलीस अधिकारी बकी ब्लायकर्ट, इतका तटस्थ नाही. शॉर्टला त्याने जिवंतपणी पाहिलेले नाही. तरीही तिच्याशी साम्य असलेल्या मॅडलिन स्प्रेगकडे तो खेचला जातो. येथे तपास आणि वासना यांतील सीमारेषा पुसली जाते. मृत स्त्री स्वतः बोलत नाही. इतरांच्या जबान्यांतून आणि पुरुषांच्या ध्यासातून ती घडत जाते. ही कादंबरीची मर्यादा आहे, तसाच तिचा विषयही आहे.

खुनाचे जे उत्तर कादंबरी देते ते स्प्रेग या धनाढ्य कुटुंबाच्या घरात सापडते. निकृष्ट सामग्रीची घरे बांधून मिळवलेली ही श्रीमंती शहराच्याच पायावर बोट ठेवते. कौटुंबिक रहस्यांची गुंतागुंत मात्र अतिनाट्याकडे झुकते आणि उत्तर पटण्यापेक्षा लादल्यासारखे वाटते. तथापि एक बाब महत्त्वाची आहे : हे उत्तर कादंबरीच्या जगातही जाहीर होत नाही. ब्लायकर्ट ते दडवतो. वाचकाला खुनी कळतो, पण त्या जगाच्या सरकारी दप्तरात प्रकरण अनुत्तरितच राहते. कल्पित येथे इतिहासाची जागा बळकावत नाही.

एलरॉयच्या आईचा खून १९५८ मध्ये झाला, तेव्हा तो १० वर्षांचा होता. तोही खून उलगडला नाही. कादंबरी तिलाच अर्पण केलेली आहे. पुढे ‘माय डार्क प्लेसेस’ (१९९६) या आत्मपर ग्रंथात त्याने तिच्या खुनाचा नव्याने घेतलेला शोध मांडला. खुनी सापडला नाही. कादंबरीत एका परक्या स्त्रीला मिळालेले उत्तर सत्यकथनात आईला देता आले नाही. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे त्या कल्पित उत्तरामागील शोक आणि त्याचे अपुरेपण, दोन्ही ध्यानात येतात.