‘भाकड’ या रकान्यात

पशुगणनेच्या तक्त्यात मादी जनावरांसाठी ठरलेले रकाने असतात: दुभती, भाकड, एकदाही न व्यालेली. यातला मधला शब्द मराठी वाचकाच्या चांगला ओळखीचा आहे, राजकारणी भाषणांमुळे तर जरा जास्तच. पण ज्याच्या दावणीला गाय आहे तो भाकड या शब्दापाशी थांबत नाही. गाय आपोआप आटली की पुढच्या वेतासाठी आटवली, गाभण आहे की रिकामी, भरवली होती पण उलटली की माजावरच आली नाही, माज उघड दाखवते की मुका माज करते, मागच्या वेळी वार अडकली होती का, असे तो विचारत जातो. तक्त्यात या सगळ्याला एकच घर आहे. आठव्या महिन्याची गाभण गाय आणि दोन वर्षे रेतन करूनही गाभण न राहणारी गाय, दोघी एकाच आकड्यात मोजल्या जातात.

मी पशुवैद्य नाही आणि आनुवंशशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. डोंबिवली–ठाणे अशा रोजच्या ये-जा करण्यात जुने अहवाल आणि शोधनिबंध वाचत गेलो, एवढेच माझे शिक्षण. त्या वाचनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. गाईच्या फळण्याविषयी, म्हणजे तिच्या प्रजननक्षमतेविषयी, आपल्याकडे जी ठाम विधाने झाली त्यांतली बरीचशी गाईविषयी नाहीत, ती या रकान्याविषयी आहेत. वळूची निवड आजही त्याच विधानांच्या आधाराने होते, म्हणून ही तपासणी.

सुरुवात १९२८च्या अहवालापासून करू. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने हिंदुस्थानातील गुरांबद्दल एक दुष्टचक्र मांडले. गुरांची संख्या बैलांच्या मागणीवर ठरते. परिस्थिती जितकी वाईट तितकी जनावरे जास्त ठेवली जातात. गाई कमी फळतात, वासरे खुरटी निपजतात, उपयोगी बैल मिळावा म्हणून शेतकरी आणखी पैदास करतो आणि चारा आणखी अपुरा पडतो. पुढच्या कित्येक दशकांतल्या सरकारी लेखनात हे चक्र फिरत राहिलेले दिसते. तर्क म्हणून ते नेटके आहे. मात्र ‘गाई कमी फळतात’ ही त्यातली कडी कशाने मोजली? माजावर येण्याचे वय, दोन वेतांमधले अंतर, रेतनाची वेळ यांतले काहीही नोंदवणारी व्यवस्था खेड्यात नव्हती. भुकेने न फळणे आणि वंशाने न फळणे यांत फरक करण्याचे साधन आयोगाजवळ नव्हते आणि त्याच्या वाक्यात तो फरक उरलाही नाही.

चाळीस वर्षांनी हाच वाद अर्थशास्त्रात पेटला. मार्विन हॅरिस या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडले की हिंदू शेतकऱ्याचे गोपालन अविवेकी नाही, शेण, बैल आणि दूध यांच्या हिशेबात ते बसते. पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी त्याचा कडक प्रतिवाद केला. नको असलेली जनावरे कत्तलीने कमी करता येत नाहीत तेव्हा ती उपासमारीने आणि दुर्लक्षाने कमी होतात, हे सांगायला ते कचरले नाहीत. दांडेकरांचे गद्य मला आवडते. भावनेला न भुलता आकडा समोर ठेवणारा मराठी माणूस त्यात दिसतो. पण तो आकडा आला पशुगणनेतून, म्हणजे त्याच रकान्यांतून. अमुक इतक्या गाई, त्यांतल्या इतक्या दुभत्या, बाकीच्या अनुत्पादक, असा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला गेला. गाय अनुत्पादक का आहे, हा प्रश्न धर्म आणि अर्थशास्त्र यांच्या मधोमध पडून राहिला. त्याचे उत्तर काही अंशी तिच्या अंडाशयात आणि काही अंशी तिच्या आईबापांत होते.

आनुवंशशास्त्रज्ञांनी तरी तो उचलला का? उचलला, आणि लगेच खाली ठेवला. ‘हेरिटॅबिलिटी’ ही त्यांची मोजपट्टी साध्या भाषेत अशी: शंभर गाईंमध्ये एखाद्या गुणात जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा आईबापांकडून आलेला आहे. दुधाच्या बाबतीत हा वाटा साधारण पाव ते तृतीयांश येतो. दोन वेतांमधले अंतर किंवा रेतनाला गाभण राहणे यांसाठी तो बहुधा दहा टक्क्यांच्या आतच येतो. त्यावरून पाठ्यपुस्तकांनी निष्कर्ष काढला की प्रजननक्षमता निवडीने सुधारत नाही. चारा, खनिज मिश्रण आणि व्यवस्थापन सुधारा. हा सल्ला चुकीचा नाही. निष्कर्ष मात्र घाईचा आहे, आणि ही घाई दोन ठिकाणी पकडता येते.

पहिली पकड कागद-पेन्सिलीची आहे. वाटा अवघा पाच टक्के धरा. एका वळूच्या दहा मुलींच्या नोंदी असतील तर त्या वळूबद्दलचा अंदाज जेमतेम अकरा टक्के भरवशाचा असतो. शंभर मुलींच्या नोंदी असल्या की तोच छप्पन्न टक्क्यांवर जातो. वाटा तोच राहिला, वही जाड झाली. नॉर्वेने आपल्या तांबड्या गाईच्या निवडीत मुलींची प्रजननक्षमता १९७०च्या दशकापासूनच धरली. ज्या देशांनी फक्त दूध पाहिले तिथल्या होल्स्टिन गाईंची गाभण राहण्याची क्षमता पुढच्या काही दशकांत घसरली. निवडीने सुधारत नाही असे म्हटलेला गुण निवडीने बिघडला, एवढे तरी त्यातून मान्य करावे लागते.

दुसरी पकड मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती मांसासाठी गुरे पाळणाऱ्यांकडून आली. त्यांच्या गाईचे दूध कोणी काढत नाही. वर्षाला एक वासरू हीच तिची सारी कमाई, त्यामुळे फळणे हा त्यांच्यासाठी दुय्यम गुण असूच शकत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात ब्राह्मन जातीच्या गाईंवर मोठे काम झाले. कालवड कधी व्याली हे पाहण्याऐवजी संशोधकांनी दर चार-सहा आठवड्यांनी सोनोग्राफीने तिचे अंडाशय पाहिले आणि पहिला पीतपिंड, म्हणजे अंडे सुटल्याची खूण, कधी दिसतो ते टिपले. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. वयात येण्याच्या या मोजमापाचा आनुवंशिक वाटा ब्राह्मनमध्ये ०.५७ भरला. पहिल्या वेतानंतर वासरू पाजत असताना गाय पुन्हा माजावर यायला किती दिवस घेते, याचाही वाटा निम्म्याच्या आसपास निघाला. दुधापेक्षाही जास्त. ‘दोन वेतांमधले अंतर’ या मापात वळू वेळेवर मिळाला का, माज कोणी पाहिला का, रेतन करणारा रविवारी आला का, हे सारे मिसळलेले असते, आणि त्या गोंगाटात वंशाचा आवाज बुडतो. थेट मापले तर तो ऐकू येतो. तेव्हा दहा टक्क्यांच्या आतला तो आकडा ज्याला आपण गाईचा स्वभाव समजत होतो, तो बऱ्याच अंशी आपल्या नोंदवहीचा स्वभाव होता.

ही ब्राह्मन गाय आपल्याला परकी नाही. अमेरिकेत ती घडली हिंदुस्थानी वशिंडाच्या गुरांपासून: गुजरातची कांकरेज, गीर, नेल्लोरची ओंगोल आणि आपल्या सांगलीकडच्या संस्थानिकांनी जोपासलेली कृष्णाकाठची. १९३३ मध्ये ती ऑस्ट्रेलियात उतरली. नेल्लोरचीच ‘नेलोरे’ ब्राझीलच्या कुरणांत पसरली. तिथे वळूच्या वृषणाचा घेर टेपने मोजतात, कारण घेर मोठा असलेल्या वळूच्या मुली लवकर वयात येण्याकडे झुकतात. मुरबाड-शहापूरच्या पावसात चरणारी डांगी गाय आणि क्वीन्सलंडची ब्राह्मन यांची अवस्था म्हणूनच मला जवळची वाटते. दोघींचे दूध बेताचे, गवत निकृष्ट, ऊन किंवा पाऊस बेसुमार आणि दोघींची किंमत वासरात, तिकडे मांसासाठी आणि इकडे बैलासाठी. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गाईची आणि २०१५पासून बैल-वळूंचीही कत्तल बंद आहे. जिला काढून टाकता येत नाही ती गाय फळावी याची गरज इथे कमी होत नाही, वाढतेच. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेतल्या गुरांच्या बाजारात कालवड दाखवणारे लोक मी ऐकले आहेत. दुधाबद्दल ते फार बोलत नाहीत. हिची आई कितव्या वर्षी व्याली, किती वेते झाली, वर्षाआड की दरवर्षी, हे सांगतात. बढाई वजा केली तरी मोजमाप योग्य गोष्टीचे आहे.

आता वळूंच्या माहितीपुस्तिकेचे एक पान वाचू. साहित्याच्या नियतकालिकात हे वाचन विचित्र वाटेल, पण महाराष्ट्रातल्या गोठ्यांवर याइतका परिणाम दुसऱ्या कुठल्या गद्याने केला असेल असे मला वाटत नाही. मी पाहिलेल्या पानांत नायक वळू आहे, छायाचित्र त्याचे आहे आणि वर्णन त्याच्या आईचे: एका वेतातले दूध, स्निग्धांशाची टक्केवारी. ती पहिल्यांदा कितव्या महिन्यात व्याली, तिची वेते किती झाली, त्याच्या बहिणी किती वेळा उलटल्या, यावर पान गप्प आहे. गोठ्यात जे पहिल्यांदा विचारले जाते ते पुस्तिकेत शेवटीही येत नाही.

या मौनाला इतिहास आहे. मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला १९६७ मध्ये ‘बाएफ’ची स्थापना केली आणि पुढे गोठवलेले वीर्य शेतकऱ्याच्या दारात नेले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ घडवली. या कामाला नावे ठेवणे सोपे आणि अन्यायाचे आहे. संकराच्या पहिल्या पिढीत जो जोम आला त्यात दूध होतेच, पण कालवड लवकर वयात येणे हा तितकाच मोठा लाभ होता. गावठी कालवड चौथ्या वर्षाच्या आसपास व्यायची, संकरित बरीच आधी. श्रेय मात्र लिटरला मिळाले. म्हणून पुढच्या पिढ्यांत जोम विरू लागला तेव्हा दूध किती घटले याची चर्चा झाली आणि वारंवार उलटणाऱ्या गाईंचे खापर शेतकऱ्याच्या खुराकावर फुटले. संकरित वळूंपैकी अनेक जण निकृष्ट वीर्यामुळे बाद होतात, हे वीर्यकेंद्रांना ठाऊक असलेले सत्यही त्या चर्चेत क्वचितच येते.

आमच्या कल्याणच्या तबेल्यांत याच विचाराचे टोक दिसते. तबेल्याच्या जुन्या पद्धतीत गुजरात किंवा हरयाणातून ताजी व्यालेली मेहसाणा, जाफराबादी, मुऱ्हा म्हैस आणायची, आटेपर्यंत दूध काढायचे, मग विकायची. तिला रेडा दाखवायचा नाही, कारण गाभण काळातला खुराक शहराच्या भावात परवडत नाही. पारडू बहुधा जगत नाही. (पारडाशिवाय पान्हा सुटावा म्हणून जे इंजेक्शन टोचले जाते, त्यावर वेगळा लेख होईल.) आटलेली म्हैस गावी परत पाठवणे महाग, म्हणून तिची वाट बहुधा कत्तलखान्याकडे. मुंबईसाठी १९४९ साली उभी राहिलेली आरे वसाहत आणि नंतर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातली दापचरी हे तबेले शहराबाहेर हलवण्याचे प्रयत्न होते. तबेले कल्याण-भिवंडीकडेही सरकले, पद्धत बरीचशी तीच राहिली. वंशाच्या भाषेत याचा अर्थ असा की उत्तम दूध देणारी म्हैस निवडून आणायची आणि तिची वेल तिथेच खुडायची. ती सहज फळणारी होती की नव्हती, हे तर कोणी पाहिलेलेच नसते. चांगल्या म्हशींचा हा ऱ्हास दुग्धतज्ज्ञ अनेक वर्षे सांगत आले आहेत, पण तेही दुधाचा वारसा गेला एवढेच म्हणतात.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते ‘गौ चिप’ आणि ‘महिष चिप’ यांचे लोकार्पण झाले. रक्ताच्या किंवा केसाच्या नमुन्यातल्या डीएनएवरील हजारो जागा वाचून वासराच्या भावी गुणांचा अंदाज बांधण्याचे हे साधन आहे. त्याचे मला मनापासून स्वागत वाटते. पण चिपला स्वतःचे असे काही ठाऊक नसते. आधीच्या हजारो जनावरांच्या नोंदींशी ताडून ती बोलते. नोंदीत दूध असेल तर दुधाबद्दल बोलेल. नोंदीत ‘भाकड’ असेल तर प्रजननाबद्दल तेवढेच धूसर बोलेल, फक्त दशांश चिन्हासह.

रिकाम्या रकान्यातूनही वाचता येते, हे याच तंत्राने दाखवले आहे. १९६२ साली जन्मलेला पॉनी फार्म अर्लिंडा चीफ हा अमेरिकी होल्स्टिन वळू दुधासाठी इतका वापरला गेला की आजच्या अमेरिकी होल्स्टिनच्या जनुकसंचातला सुमारे १४ टक्के भाग त्याच्याकडे जातो. २०११ मध्ये संशोधकांनी हजारो जिवंत जनावरांचे डीएनए पाहून उलटा प्रश्न विचारला: एकेरी स्वरूपात सर्रास आढळणारा कोणता तुकडा दुहेरी स्वरूपात कधीच दिसत नाही? असे तुकडे सापडले. दुहेरी वारसा आलेले गर्भ जन्मलेच नव्हते. चीफकडून आलेला दोष एपीएएफ१ या जनुकात होता, आणि त्यामुळे जगभरात पाच लाखांहून अधिक गर्भ गेले असावेत असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला. ज्या गाईंच्या पोटात हे घडले त्यांच्या नावापुढे ‘उलटली’ एवढेच लागले असेल. आपल्याकडे होल्स्टिन रक्ताच्या संकरित गाईला पुन्हा होल्स्टिनचीच मात्रा देताना हा तुकडा दोन्हीकडून येऊ शकतो. वळूची ही तपासणी झाली आहे का, हे माहितीपुस्तिकेत एका ओळीत लिहिता येईल.

दारात येऊन रेतन करणाऱ्याच्या नोंदीतही अशाच दोन-तीन ओळी वाढवता येतील. जनावराच्या कानात आता बारा आकडी बिल्ला असतो आणि त्यावर रेतनाची तारीख व मात्रेचा क्रमांक चढतो. त्यासोबत कालवडीचा पहिला माज कोणत्या महिन्यात दिसला, व्याल्यानंतर किती दिवसांनी ती पुन्हा माजावर आली, माज उघड होता की मुका, हे विचारून घ्यायला गोठ्यात उभ्या उभ्या दोन मिनिटे लागतात. सोनोग्राफीची अचूकता त्यात येणार नाही, पण शंभर मुलींच्या हिशेबाला ती लागतही नाही. हे सांगणारी बाई किंवा बाप्या गोठ्यात हजर असतो आणि त्यासाठीचे शब्द त्यांच्या तोंडी आहेत. अर्जात ‘भाकड’च्या पुढे जागा तेवढी ठेवायला हवी.