मोळी आणि रोषणाई

‘एज ऑफ एम्पायर्स’ या संगणकावरील डावपेचांच्या खेळाचा तिसरा भाग (२००५) दुसऱ्याहून (१९९९) देखणा, यात वाद नाही. पाणी चकाकते, तोफगोळा लागताच इमारतींचे तुकडे उडतात. डोळ्यांचे पारणे फिटते. पण दुसऱ्या भागातला लाकूडतोड्या खांद्यावर लाकडे घेऊन वखारीपर्यंत चालत जातो. वखार रानाजवळ बांधावी की दूर, यावर पुढे डाव तरतो वा बुडतो. तिसऱ्यात ही ये-जाच नाही. तोडले की जमा! सोय झाली खरी. परंतु राज्य कोणाच्या खांद्यावर उभे असते, हे दिसेनासे झाले. मुलांना इतिहास शिकवणारा मी मास्तर. माझे मत त्या मोळीवाल्याला.