‘२२ जून १८९७’ वर्गात दाखवताना

नचिकेत व जयू पटवर्धन यांचा १९७९चा हा चित्रपट शाळेत जरूर दाखवावा. घराघरांत शिरणारे गोरे शिपाई पाहिले की चापेकरांचा संताप समजतो. मात्र कथा रँडच्या वधाची आहे. प्लेगचे विज्ञान आपणच पुरवावे लागते. जंतू १८९४ मध्ये सापडला होता. तो उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे सिमाँने १८९८ मध्ये दाखवले. म्हणजे १८९७च्या साथरोग कायद्याची सक्ती अर्धवट ज्ञानावर उभी होती! तरीही ‘सक्ती वाईट’ एवढ्यावर चर्चा थांबू नये, असे आम्हाला वाटते. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांना यशवंतच्या दवाखान्यात नेत होत्या. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्या गेल्या. रुग्णाला घरातून हलवणे तिथेही होतेच. मग लोकांचा राग नेमका कशावर होता, हे मुलांना विचारावे.