'२.०'मधला पक्षीराजन आणि माझं नापास झालेलं प्रपोजल

'पेट'ची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरने परवा विचारलं, "दादा, मोबाइल टॉवरमुळे चिमण्या गेल्या, यावर पीएचडी होईल का?" मी म्हटलं, हे कुठे वाचलंस? तो जरा चाचरला. "वाचलं नाही, पिक्चरमध्ये पाहिलं." कुठल्या, ते विचारायची गरजच नव्हती. तोच पिक्चर पाहून मीही एम.एस्सी.ला अगदी हेच प्रपोजल लिहिलं होतं. म्हणून आज 'लिटरेचर रिव्ह्यू कसा करावा' बाजूला ठेवू आणि '२.०'बद्दल बोलू.

आधीच सांगतो, मी या मालिकेचा फॅन आहे. २०१०चा 'रोबोट' (मूळ तमिळ 'एंदिरन') शाळेत असताना टीव्हीवर लागेल तेव्हा पाहायचो. रजनीकांत म्हणजे मूळचे शिवाजीराव गायकवाड, त्यामुळे आमच्या घरात "आपलाच माणूस आहे" म्हणून आजीचीही परवानगी असायची. '२.०' आला २९ नोव्हेंबर २०१८ला. आम्ही पाच जण रविवारी चिंचवडच्या मल्टिप्लेक्सला थ्रीडी चष्मे लावून बसलो. लोकांच्या हातातले मोबाइल सटासट उडून जातात तिथे शिट्ट्या पडल्या, त्यात एक माझी होती. मोबाइलचा भलामोठा पक्षी होतो ते दृश्य मला आजही आवडतं. तेवढ्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल.

पण घरी येताना काहीतरी खटकत होतं. तेव्हा नीट सांगता आलं नाही, आता येतं.

पहिल्या भागात चिट्टीची परीक्षा होते. प्रोफेसर बोहरा त्याला सांगतो, तुझ्या निर्मात्याला भोसक. आणि चिट्टी निघतो की! दावा होता 'हा रोबो माणसाच्या कामाचा आहे', चाचणी झाली, दावा पडला. पुढे आगीतून तो एका मुलीला वाचवतो, पण ती अंघोळ करत होती याचं त्याला काहीच नाही. ती लाजेने पळते आणि गाडीखाली येते. चिट्टी प्रत्येक वेळी अशा ठिकाणी चुकतो की त्यातून काहीतरी नवं कळतं. डास-बिस प्रकरण सोडून द्या, पण गाभ्यात तो पिक्चर प्रयोगाचा होता.

दुसऱ्या भागात पक्षीराजन आहे. अक्षय कुमारने केलेला हा म्हातारा पक्षितज्ज्ञ पाहताना सलीम अलींची आठवण येतेच. त्याचा फ्लॅशबॅक हा सिनेमाचा सगळ्यात चांगला भाग, माझे डोळे भरले होते. तो लोकांना विनवतो, दारोदार फिरतो, कुणी ऐकत नाही, शेवटी टॉवरलाच गळफास घेतो. सगळं आहे, पण तुलना नाही. टॉवर असलेली जागा आणि नसलेली जागा, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, यातलं काही सिनेमाला लागतच नाही. खऱ्या सलीम अलींची सुरुवात एका प्रश्नाने झाली होती: लहानपणी एअरगनने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग का? ती घेऊन ते मुंबईच्या बीएनएचएसमध्ये गेले. पक्षीराजनकडे पहिल्यापासून उत्तरच आहे. मेल्यावर तर तो 'निगेटिव्ह एनर्जी' होतो. आता त्याला प्रश्न कोण विचारणार? माझी तक्रार 'ऑरा'बद्दल नाही, सायन्स फिक्शनमध्ये तेवढं चालतं. तक्रार ही आहे की एक संशोधक उभा केला आणि त्याला संशोधनच करू दिलं नाही.

गंमत म्हणजे रिलीजच्या तोंडावर मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने, सीओएआयने, सेन्सॉर बोर्डाकडे तक्रार केली होती की हा सिनेमा अवैज्ञानिक समज पसरवतो. फॅन म्हणून माझं डोकं फिरलं. कंपन्या चिडल्या म्हणजे मुद्दा खराच असणार! हा तर्क किती लंगडा आहे ते तुम्हाला दिसतंय. मला तेव्हा दिसलं नाही, आणि त्याच तिरमिरीत प्रपोजल लिहिलं.

मॅडमनी ते वाचून एकच प्रश्न विचारला: "टॉवर आला त्याच वर्षांत तुझ्या गल्लीत आणखी काय काय बदललं?"

आमचं घर चिंचवडगावात. आठवायला लागलो. कौलारू वाडे पडून अपार्टमेंट झाली, म्हणजे वळचणी गेल्या. वाण्याकडची धान्याची उघडी पोती जाऊन पाकिटं आली. अंगणात पेव्हर ब्लॉक बसले. चिमणीच्या पिलांना सुरुवातीला अळ्या-किडे लागतात, ते मातीबरोबर गेले. आणि टॉवर? तो दाट वस्तीतच उभा राहतो. म्हणजे चिमण्या कमी आणि टॉवर जास्त, हे दोन्ही एकाच तिसऱ्या गोष्टीमुळे दिसू शकतं. मेथडॉलॉजीच्या पेपरात 'कन्फाउंडर' म्हणून दोन मार्कांना येतो तो हाच.

मग टॉवरचा काहीच संबंध नाही का? असंही नाही, आणि इथे मला खरं शिकायला मिळालं. बेल्जियममध्ये २००६च्या वसंतात सहा वस्त्यांमधल्या १५० जागांवर चिमणीचे नर मोजले आणि तिथली विद्युत क्षेत्राची तीव्रताही मोजली. तीव्रता जास्त तिथे नर कमी दिसले. पण हा सहसंबंध झाला, आणि लेखकांनी पेपरच्या शीर्षकातच 'संभाव्य परिणाम' असं म्हटलं. २०१४ला 'नेचर'मध्ये जर्मनीच्या ओल्डेनबर्गचा प्रयोग आला. लाकडी खोपट्यांना ॲल्युमिनियमचं आवरण लावून अर्थिंग केलं की रॉबिन पक्ष्यांना दिशा कळायची, अर्थिंग काढलं की कळेना. अर्थिंग जोडलंय की नाही, हे निरीक्षकांनाही माहीत नसायचं. म्हणजे विद्युतचुंबकीय गोंगाट पक्ष्यांना खरंच चकवतो! फक्त तो गोंगाट साधारण ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झमधला होता. मोबाइल चालतो शेकडो मेगाहर्ट्झ आणि त्याच्याही वर. शिवाय रॉबिन स्थलांतर करतो, आपली चिमणी नाही.

आणि भारतातल्या चिमण्या? 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२०' अहवालात देशभरात चिमणीची संख्या साधारण स्थिर निघाली, घट दिसली ती सहा महानगरांत. टॉवर तर खेडोपाडी आहेत. हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, वाईट वाटलं. पक्षीराजन बरोबर निघावा असं फार मनात होतं.

आजीला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तुझी मॅडम शहाणी आहे, पण टॉवर आला आणि चिमण्या गेल्या हे मी डोळ्यांनी पाहिलंय." तिने पाहिलंय हे खरंच आहे.

ज्युनियरला मी म्हटलं, विषय सोडू नकोस, आधी चिमण्या मोजायला चिंचवड-आकुर्डीतल्या दहा जागा निवडून आण. काल तो यादी घेऊन आला. दहाच्या दहा टॉवरखालच्या.