मेजर गिलचा अजिंठा : कांहीं छायाचित्रांचें परीक्षण

रॉबर्ट गिल ह्याचें नांव मराठवाड्यांत आज पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु तें चित्रकार किंवा छायाचित्रकार म्हणून नव्हे, तर पारू नांवाच्या एका स्त्रीचा प्रियकर म्हणून. ना. धों. महानोर ह्यांचें ‘अजिंठा’ हें काव्य व त्यावरून २०१२ सालीं निघालेला चित्रपट ह्यांनीं ही प्रसिद्धि पक्की केली. कवीनें इतिहासांतून काय उचलावें आणि त्यास कोणता रंग द्यावा, हा सर्वस्वी कवीचा अधिकार होय. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. आमची तक्रार संशोधक म्हणविणाऱ्यांविषयीं आहे. काव्यांतील प्रसंग ते साधन म्हणून उद्धृत करूं लागले आहेत, आणि गिलनें स्वतःच्या हातानें मागें ठेवलेलें साधन, म्हणजे त्याचीं छायाचित्रें, तीं मात्र शोभेसाठीं छापलीं जातात, वाचलीं जात नाहींत. तीं वाचावयाचीं कशीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

गिलचा वृत्तांत थोडक्यांत असा. जन्म १८०४, कंपनीच्या मद्रास फौजेंत अधिकारी. १८१९ सालीं जॉन स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठ्याचीं लेणीं पडलीं. १८४३ सालीं जेम्स फर्ग्युसन ह्यानें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें लेण्यांवर निबंध वाचला, आणि भित्तिचित्रांच्या नकला करून घ्याव्या असें ठरून १८४४ सालीं गिलची त्या कामीं नेमणूक झाली. तो अजिंठा गांवच्या बारदरींत राहिला. गांव घाटावर, लेणीं घाटाखालीं, वाघूर नदीच्या नालाकृति खोऱ्यांत, दोहोंमध्यें सुमारें चार कोसांचें अंतर. तेलरंगांत केलेल्या त्याच्या तिसांच्या आसपास मोठमोठ्या नकला विलायतेस गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या गेल्या, आणि ३० डिसेंबर १८६६ रोजीं लागलेल्या आगींत चारपांच वगळून सर्व जळाल्या. गिल १८७९ सालीं वारला. त्याची कबर भुसावळास आहे.

नेमणुकीपासून मृत्यूपर्यंत पस्तीस वर्षें होतात. ह्या पस्तीस वर्षांस नोकरी म्हणावयाचें कीं लोभ? हा प्रश्न आम्हीं मुद्दाम काढला आहे. कारण एका गांवीं दीर्घकाल राहणें हा लोभाचा पुरावा नव्हे. बदली न झालेला कारकूनही दीर्घकाल राहतो. लोभाचा पुरावा, आमच्या मतें, वरिष्ठांनीं न सांगितलेल्या कामांत शोधावा.

त्यापूर्वी छायाचित्र हें साधनच नीट समजून घेतलें पाहिजे. गिलच्या हातीं कॅमेरा आला तो १८५६ च्या सुमारास. त्या काळची रीत ओल्या कलोडियनची. काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची आणि वाळण्यापूर्वींच काळोख्या तंबूंत धुऊन काढावयाची. उन्हाळ्यांत हें सर्व कांहीं मिनिटांत उरकावें लागे. ह्या रीतीचा एक दोष असा कीं, त्या काचेस निळा प्रकाश दिसे. तांबडा व पिवळा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून त्या काळच्या चित्रांत निळें आकाश कोरें पांढरें येतें आणि गेरूचा रंग काळा पडतो. आतां अजिंठ्याच्या भिंतींवर मुख्य रंग कोणते? गेरू, पिवळी माती, काजळी, चुना. आणि कांहीं ठिकाणीं राजावर्ताचा मोलाचा निळा. म्हणजे गिलची काच नेमक्या त्या भिंतींपुढेंच आंधळी होती.

ह्यावरून निघणारा निष्कर्ष संग्राहकांच्या उपयोगाचा आहे. लेण्याच्या जुन्या छायाचित्रांत भिंतीवर काळा डाग दिसला कीं ‘येथें रंग त्या वेळींच नष्ट झाला होता’ असें लिहिण्याची प्रवृत्ति असते. तें धोक्याचें आहे. तो डाग काजळीचा, धुराचा किंवा ओलीचा असूं शकेल. परंतु तो शाबूत, उजळ तांबडा रंगही असूं शकेल. उलट, जेथें पांढरें दिसतें तेथें गिलावा पडलाच असें नाहीं. तेथें निळा रंग असण्याचा संभव आहे. पुढें ग्रिफिथ्सनें मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांकडून केलेल्या नकला १८९६ सालीं ग्रंथरूपानें निघाल्या, लेडी हेरिंगहॅमच्या १९१५ सालीं निघाल्या, आणि गुलाम याझदानी ह्यांचे भाग १९३० पासून निघूं लागले. गिलच्या चित्रांतील प्रत्येक डाग ह्या रंगीत प्रतींशीं ताडून पाहिल्यावांचून भित्तिचित्रांच्या नाशाची तारीख ठरवूं नये. यशोधरानें कामसूत्राच्या टीकेंत चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं प्रमाण व सादृश्य ह्यांस ह्या काचा पुरेशा होत्या, वर्णिकाभंगास मुळींच नव्हत्या. क्रिस्टल पॅलेसच्या आगीची भरपाई कॅमेऱ्यानें होणें म्हणूनच अशक्य होतें, आणि रंगाचें काम पंधरावीस वर्षें केलेल्या माणसास हें कळलें नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

मग कॅमेऱ्यानें त्यानें काय साधलें? खोली साधली. त्याच्या कॅमेऱ्यास दोन डोळ्यांइतक्या अंतरानें बसविलेलीं दोन भिंगें होतीं. त्यांतून निघणारीं दोन चित्रें जोडयंत्रांत घालून पाहिलीं म्हणजे दृश्य उभें राहतें. एकोणिसाव्या किंवा सव्विसाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहाचें साधें चित्र पाहिलें, तर पुढचे खांब मागच्या भिंतीस चिकटलेले दिसतात. जोडचित्रांत खांब सुटे होतात, प्रदक्षिणेची वाट मोकळी होते, आणि स्तूप आपल्या जागीं मागें सरतो. ज्यांच्या हातीं असें जोडीचें पान येईल त्यांनीं ‘दोन्ही सारखींच’ म्हणून एक कापून मित्रास देऊं नये. दोन्ही सारखीं नसतात. त्या बारीकशा फरकांतच लेण्याचें मोजमाप साठविलेलें आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. १८६४ सालीं लंडनास गिलच्या छायाचित्रांचे दोन ग्रंथ निघाले. एक लेण्यांवरचा, चौऱ्याहत्तर चित्रांचा. दुसऱ्याचें नांवच बोलकें आहे : पश्चिम हिंदुस्थानांतील वास्तु व सृष्टि ह्यांचीं शंभर जोडचित्रें. दोहोंचा मजकूर फर्ग्युसनचा. आणि ग्रंथालयांच्या यादींत हे ग्रंथ त्याच्याच नांवाखालीं सांपडतात, हा अन्याय अजून चालूच आहे. ह्या दुसऱ्या ग्रंथांत लोभाचा पुरावा आहे असें आम्ही समजतो. नेमणूक होती भित्तिचित्रांच्या नकलांची. तरी गिल अन्व्याच्या मंदिरापर्यंत गेला, लोणारच्या मंदिरांपर्यंत गेला, शिकारींतील जनावरें त्यानें कॅमेऱ्यापुढें मांडलीं. तो नामांकित शिकारी होता. जनावरावरचा त्याचा लोभ बंदुकीच्या वाटेनें जाणारा होता, हें आजच्या वाचकास रुचणार नाहीं, पण लपविण्याचेंही कारण नाहीं.

शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दुष्यंत शकुंतलेचें चित्र काढतो, आणि तें सुंदर उतरलें असतांही पुरें झालें असें त्यास वाटत नाहीं. मालिनी नदी, वाळवंटांतील हंसांचीं जोडपीं, पायथ्याशीं बसलेलीं हरिणें, फांदीवर वाळत घातलेलीं वल्कलें, एवढें सर्व राहिलें आहे असें तो म्हणतो. टीकाकार येथें विरहाचा रस पाहतात. आम्हांस येथें लोभाचें लक्षणही दिसतें. ज्यावर जीव जडतो त्याच्या भोंवतालचें सोडवत नाहीं. लेणीं हें गिलचें नेमलेलें चित्र; अन्वा, लोणार आणि रानांतील जनावरें ही त्याची मालिनी.

ह्या तर्कास एक प्रतितर्क आहे, तो टाळणें योग्य नव्हे. गांवावर लोभ म्हटला म्हणजे गांवच्या माणसांवरही हवा. आणि तीं माणसें चित्रांत कोठें आहेत? कांहीं चित्रांत खांबापाशीं किंवा दारापाशीं एखादा मनुष्य बसविलेला दिसतो. तो बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून. त्याचें नांव नाहीं, धंदा नाहीं. पाण्याच्या घागरी, काचांच्या पेट्या, औषधें आणि काळोखा तंबू वाहून नेण्यास माणसें लागलींच असतील. ओल्या काचेचें काम एकट्यानें होत नाहीं. अजिंठ्याच्या त्या माणसांची गणना गिलच्या चित्रांत मापाच्या काठीच्या वर गेली नाहीं, हा त्याच्या लोभाचा मोठा उणेपणा आम्ही समजतो.

आणि पारू? अजिंठा गांवीं तिचें थडगें आहे, आणि त्यावरील इंग्रजी लेखांत १८५६ हें साल आहे. ज्या काळीं गोरे अधिकारी अशा संबंधाचा उल्लेखही टाळीत, त्या काळीं गिलनें तिचें नांव दगडावर कोरविलें. ह्या एका कृतींत काव्याइतकें बळ आहे. परंतु कथेचा बाकीचा डोलारा ह्याच एका शिळेवर उभारलेला आहे. त्याच सुमारास कॅमेरा आला, म्हणून दुःखानें तो कॅमेऱ्याकडे वळला अशी जोडणी करणें सोपें आहे. आम्ही ती मान्य करीत नाहीं. १८५५ पासून कंपनी सरकारचेंच धोरण होतें कीं, प्राचीन वास्तूंचीं चित्रें हातानें काढविण्याऐवजीं छायाचित्रें घ्यावीं. मुंबई इलाख्यांत कॅप्टन बिग्ज व मद्रासेंत कॅप्टन ट्राइप ह्यांस त्याच एकदोन वर्षांत हें काम मिळालें. त्यांपैकीं कोणाच्या दुःखाची कथा कोणी रचली नाहीं.

तुलनेसाठीं राजा दीनदयाळ घ्यावे. त्यांचा जन्म १८४४ चा, म्हणजे गिलच्या नेमणुकीच्याच वर्षाचा. सहाव्या निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार होऊन ‘मुसव्विर जंग’ किताब मिळविलेल्या ह्या गृहस्थांचें कसब गिलहून पुष्कळ वरचें. त्यांच्या वेळीं कोरड्या काचाही आल्या होत्या. वेरूळ, दौलताबाद, औरंगाबाद येथील त्यांचीं चित्रें पाहून डोळे निवतात. परंतु तीं दौऱ्यावर आलेल्या माणसाचीं आहेत. उत्तम कोन, उत्तम ऊन, आणि पुढचा मुक्काम. गिलचीं कांहीं चित्रें तुलनेनें मंद व अंधुक आहेत. तरी त्याच खोऱ्याकडे तो पुन्हां पुन्हां वळला, ही गोष्ट त्यांवरून स्पष्ट होते. गांवच्या इतिहासास दोन्ही प्रकार लागतात. दोहोंत निवड करावी लागली, तर आम्ही दुसरा पत्करूं.

हें सर्व सेलूंत बसून लिहितांना आम्हांस आमच्या आसपासच्या गांवांचा विचार सुटत नाहीं. सेलू, परतूर, मानवत हीं मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गालगतचीं गांवें. १९४८ पर्यंत निजामी अंमलांत. अशा गांवांचा लोभ धरणारे छायाचित्रकार गोरे नव्हते आणि त्यांवर काव्यें होणार नाहींत. शाळांचे समूह, जत्रा, कापसाचा बाजार, मुक्तिसंग्रामानंतरच्या मिरवणुकी ह्यांचीं चित्रें काचेवर व फिल्मवर राहिलीं असतील, तर तीं दुकानांच्या माळ्यावरच. गिलच्या चित्रांत नसलेला नांवाचा मनुष्य अशा चित्रांत आहे, हें त्यांचें अधिक मोल. पण काच धुऊन पुन्हां दुसऱ्या कामीं लावतां येते, हें तिचें दुर्दैव.

मंडळाच्या सभासदांस अशीं चित्रें मिळाल्यास विनंति इतकीच कीं, चित्र अल्बमांतून सोडविण्यापूर्वी पानाचा क्रम लिहून ठेवावा, नोंद ग्रंथकाराच्या नांवाखालीं न करतां प्रथम गांवाच्या नांवाखालीं करावी, आणि पुठ्ठ्याची मागची बाजू आधीं उतरून घ्यावी. शिसपेन्सिलीनें लिहिलेलें गांवाचें किंवा माणसाचें नांव असलेंच, तर तें बहुधा तेथेंच असतें, आणि ओल्या फडक्यानें पुसतांना सर्वांत आधीं जातें.