ठोकळ्यांची रचना आणि यंत्रनिर्मित पूर्वचित्र : एक चिकित्सा

डेन्मार्कमधील बिलुंड येथे १९३२ साली ओले कर्क क्रिस्तियानसेन यांनी सुरू केलेल्या लाकडी खेळण्यांच्या व्यवसायातून लेगो हा उद्योग उभा राहिला. आज सर्वपरिचित असलेल्या, वर खुंट्या आणि आत नळ्या असणाऱ्या ठोकळ्याच्या एकस्वासाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज करण्यात आला. कंपनीच्या तयार संचांपलीकडे जाऊन स्वतंत्र प्रतिकृती रचणाऱ्या प्रौढ छांदिष्टांचा मोठा वर्ग जगभर आहे. या वर्गात अलीकडे एक नवी रीत रूढ होऊ पाहत आहे. हवी ती वास्तू वा वाहन शब्दांत वर्णन करावयाचे, कृत्रिम बुद्धिमत्तेकडून त्याचे ठोकळ्यांतील चित्र काढून घ्यावयाचे आणि मग रचनेस आरंभ करावयाचा. या चित्रास ‘पूर्वदर्शन’ म्हटले जाते. हे नामाभिधान कितपत सार्थ आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

संगणकावरील पूर्वदर्शन ही कल्पना मुळात नवी नाही. जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये ‘एलड्रॉ’ ही प्रणाली निर्माण केली. कंपनीची स्वतःची ‘डिजिटल डिझायनर’ ही प्रणाली २००४ ते २०२२ या काळात उपलब्ध होती. आज ‘ब्रिकलिंक’चे ‘स्टुडिओ’ वापरले जाते. या सर्वांत पडद्यावरील प्रत्येक तुकडा हा प्रत्यक्षातील एका विशिष्ट तुकड्याचा प्रतिनिधी असतो, आणि तुकडे जोडल्यावर जे दिसते ते चित्र. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चित्रात हा क्रम उलटा होतो. तेथे आधी दिसणे असते, जोडणे नसतेच.

हा भेद मापांकडे पाहिल्यास स्पष्ट होतो. दोन खुंट्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची खुंटीविरहित उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ प्लेटची उंची त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर. पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात, आणि तेच दोन खुंट्यांचे अंतर. तुकडे आडवे वळवून बसविण्याची सारी विद्या या पाचास दोन अशा प्रमाणावर उभी आहे. चित्र रचणारे यंत्र मात्र असंख्य छायाचित्रांवरून ठोकळ्यांचे ‘दिसणे’ शिकलेले असते. हे प्रमाण त्यास ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून अशा चित्रांत एका कडेच्या खुंट्या दुसऱ्या कडेशी जुळत नाहीत, एक तुकडा शेजारच्यात विरघळल्यासारखा होतो, अस्तित्वातच नसलेले वक्र भाग दिसतात. शिवाय प्रत्येक तुकडा प्रत्येक रंगात तयार होत नाही; चित्राला ती अडचण नाही. यंत्रे सुधारतील तसे हे दोष नजरेस कमी पडतील, हे खरे. परंतु प्रस्तुत लेखकास त्यात दिलासा वाटत नाही. ओबडधोबड चित्र निदान सावध तरी करते.

घुमटाचे उदाहरण घेता येईल. काटकोनी तुकड्यांतून गोल आकार कसा साधावा, या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर ब्रूस लोवेल यांनी २००२ मध्ये दिले. गाभ्यातील तुकड्यांच्या खुंट्या सहाही दिशांना वळवावयाच्या आणि प्रत्येक दिशेस प्लेटचा पायऱ्यापायऱ्यांचा उंचवटा चढवावयाचा. सहा उंचवटे मिळून गोल होतो. या रचनेतील बुद्धी सर्वस्वी आतल्या गाभ्यात आहे, आणि चित्रात गाभा दिसत नाही. यंत्र गुळगुळीत घुमट काढून देते आणि जो प्रश्न सोडविण्यासाठी ही कला आहे तो प्रश्नच झाकून टाकते. (मराठीत ‘ठोकळेबाज’ हा शब्द कल्पनाशून्यतेसाठी का वापरला जावा, असा विचार अशा वेळी मनात येतो.)

याचा अर्थ ही चित्रे निरुपयोगी आहेत असा नव्हे. रंगसंगती, एकूण बाह्याकृती, प्रसंगाचे वातावरण यांची चाचपणी करण्यास, विशेषतः ज्यास रेखाटन येत नाही अशा व्यक्तीस, ती उपयुक्त ठरतात. आक्षेप आहे तो कच्च्या रेखाटनास आराखड्याचा मान देण्यास. पैसे घेऊन प्रतिकृती करून देणाऱ्या कारागिराकडे ग्राहक असे चित्र घेऊन येतो, तेव्हा त्याच्या लेखी ते वचन असते. कारागिराची प्रामाणिक, उभी राहणारी रचना त्या चित्राशेजारी उणी ठरते, आणि उणेपणाचा दोष चित्राकडे न जाता हाताकडे जातो. रचनाकलेच्या अध्यापनातही हाच धोका संभवतो : साहित्याच्या मर्यादेशी झगडून आकार शोधण्याऐवजी आधीच ठरलेल्या आकारामागे धावणे.

यंत्रास हे जमणारच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये मांडलेली ‘ब्रिकजीपीटी’ ही प्रणाली चित्र काढीत नाही. शब्दांतील वर्णनावरून एकेक ठोकळा ठेवीत जाते, रचनेचा तोल तपासते आणि ती ढासळणारी असल्यास मागे येऊन पुन्हा रचते. तिची मर्यादा मोठी आहे : २० × २० × २० घरांची चौकट आणि अवघे आठ प्रकारचे ठोकळे. आडव्या वळविलेल्या प्लेटना तीत स्थान नाही, त्यामुळे लोवेल यांचा गोल तिच्या आवाक्याबाहेर आहे. तिने रचलेला घुमट खडबडीत दिसेल आणि ग्राहकास तो कदाचित आवडणारही नाही. पण त्यातील प्रत्येक ठोकळा मोजता येतो, मागविता येतो आणि सांगितलेल्या जागी बसविता येतो.