नाकायामाचा लेमा: एका प्रमेयाचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. गणितात मात्र एखाद्या प्रमेयाचं कूळ शोधायला निघावं, तर ते प्रमेयच नव्यानं वाचून होतं. रिंग थिअरी शिकताना भेटणारा ‘नाकायामाचा लेमा’ असा वाचण्याजोगा आहे.

विधान अगदी आटोपशीर आहे. एक मॉड्यूल M आहे आणि ते मोजक्या, म्हणजे सांत संख्येच्या जनकांपासून तयार झालं आहे. I हे रिंगच्या जेकबसन रॅडिकलमधलं आयडियल आहे, म्हणजे त्यातला कोणताही घटक 1 मधून वजा केला तरी उरलेल्याला व्यस्त असतो. आता I नं गुणल्यावरही M जसंच्या तसं उरत असेल, म्हणजे M = IM असेल, तर M शून्यच असलं पाहिजे.

हे हाताशी धरून पाहू. ज्या अपूर्णांकांच्या छेदाला 5 नं भाग जात नाही, त्यांची रिंग घ्या. इथे 5 च्या पटी रॅडिकलमध्ये येतात. अशी कोणतीही पट 1 मधून वजा केली, तरी उरलेल्या संख्येचा व्यस्त याच रिंगमध्ये सापडतो. 1 मधून 10/3 वजा करा: उरतात −7/3. त्यांचा व्यस्त −3/7, आणि 7 ला 5 नं भाग जात नाही. लेम्याचा सगळा प्राण या ‘1 वजा काहीतरी’मध्ये आहे.

आता सिद्धता वाचू. M शून्य नाही असं समजा आणि त्याचे कमीत कमी जनक घ्या: u₁ पासून uₙ पर्यंत. M = IM असल्यानं uₙ सुद्धा a₁u₁ + … + aₙuₙ असा लिहिता येतो, आणि सगळे a आयडियलमधले. शेवटचं पद डावीकडे न्या. डावीकडे (1 − aₙ)uₙ, उजवीकडे फक्त आधीचे जनक. 1 − aₙ चा व्यस्त आहे, त्यानं गुणा. uₙ बाकीच्यांतूनच मिळाला, म्हणजे त्याची गरजच नव्हती. पण आपण तर कमीत कमी जनक घेतले होते! झाली सिद्धता. एक पद इकडचं तिकडे नेलं, एवढंच काय ते काम.

‘मोजक्या जनकांची’ अट गाळली तर काय होतं? त्याच रिंगवर सगळ्या परिमेय संख्यांचं मॉड्यूल घ्या. त्याला 5 नं गुणा, तसूभरही कमी होत नाही. आणि ते शून्य तर नाहीच. सिद्धतेतला ‘शेवटचा जनक’ तिथे हाती लागत नाही. या लेम्यातली एकही अट शोभेसाठी घातलेली नाही.

मग हे प्रमेय कुणाचं? क्रमनिरपेक्ष, म्हणजे ab = ba असणाऱ्या, रिंगमधल्या आयडियलांपुरतं ते आधी वोल्फगांग क्रुल यांना सापडलं. 1945 साली नेथन जेकबसन यांनी रॅडिकलची कल्पना कोणत्याही रिंगसाठी मांडली. 1951 साली ‘नागोया मॅथेमॅटिकल जर्नल’च्या दुसऱ्या खंडात गोरो अझुमाया यांचा प्रदीर्घ लेख आला आणि त्याच वर्षी तिसऱ्या खंडात तादाशी नाकायामा यांचं दोन पानांचं टिपण. आज शिकवतात ते व्यापक रूप या टिपणातलं. नाव चिकटलं ते नाकायामांचं.

खुद्द नाकायामांना ते मान्य नव्हतं. हे प्रमेय क्रुल आणि अझुमाया यांच्या नावानं ओळखलं जावं, असा त्यांचा आग्रह होता. 1964 साली ते गेले. त्यांचा हा आग्रह हिदेयुकी मात्सुमुरा यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात नोंदवून ठेवला. क्रमनिरपेक्ष रिंगच्या बाबतीत तिघांतला पहिला कोण हे ठरवणं कठीण आहे, असं सांगून त्यांनी ‘एनएके’ ही आद्याक्षरं वापरली: नाकायामा, अझुमाया, क्रुल. ही अक्षरं प्रकाशनाच्या क्रमाच्या उलट दिशेनं जातात. सर्वांत अलीकडच्या नावापासून सुरुवात करून वाचणारा आपोआप क्रुल यांच्यापर्यंत पोचतो.

एवढं समजल्यावर ती सिद्धता पुन्हा वाचावी. (1 − aₙ) ला व्यस्त आहे, हे वाक्य कोणत्याही रिंगमध्ये बेधडक लिहिता येतं ते जेकबसन यांच्या रॅडिकलमुळे. सिद्धतेत दोन घटकांची अदलाबदल कुठेही करावी लागत नाही, म्हणून क्रमनिरपेक्षतेची अट गळून पडली तरी तिला धक्का लागत नाही. हीच गोष्ट डिटर्मिनंट वापरून सिद्ध करता येते आणि तीही सुंदर आहे, पण ती क्रमनिरपेक्षतेवाचून पुढे सरकत नाही. क्रुल यांच्या आयडियलांपासून कोणत्याही रिंगवरच्या मॉड्यूलपर्यंतचा प्रवास अशा एकेका पायरीवर दिसतो.

म्हणून वर्गात हा लेमा शिकवताना फळ्यावर तिन्ही नावं लिहावीत, असं मला मनापासून वाटतं. विद्यार्थ्याला त्यातून कळतं की प्रमेय एका झटक्यात पुरं होत नाही. कुणी ते पाहतं, कुणी मोकळं करतं, कुणी त्यातली फक्त गरजेची अट तेवढी ठेवतं. आणि ज्याच्या नावानं ते ओळखलं जातं, त्यानंच दुसऱ्यांचं देणं मान्य करावं, हाही त्या धड्याचाच भाग आहे.